परदेशातली मुलं, आपल्या रूढी आणि तिथले हक्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या कोथरूडच्या ज्येष्ठ नागरिक संघात जवळजवळ प्रत्येकाचं कुणी ना कुणी बाहेर आहे. कुणाचा मुलगा कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला, कुणाची मुलगी मेलबर्नला, आणि चहा आला की तेच तेच प्रश्न येतात, मग एखादी बातमी फॉरवर्ड होते आणि दोन काका भांडतात. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे म्हणून सगळे माझ्याकडे वळतात. शेवटी एकदाचं लिहूनच काढलं. उदाहरणं जास्त करून कॅनडाची आहेत, कारण आमच्याकडे गर्दी तिथलीच आहे आणि या विषयावर कोर्टात सगळ्यात जास्त खल तिथेच झालाय. मी वकील नाही. घरात खरोखरची केस चालू असेल तर मुलांना तिथला वकील गाठायला सांगा, माझं वाचत बसू नका.

कॅनडात म्हणे ‘मल्टिकल्चरल’ पॉलिसी आहे. मग आपल्या रूढी तिथे जशाच्या तशा चालतात ना?

बऱ्याचशा चालतात, सगळ्या नाही. हे धोरण ऑक्टोबर १९७१ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनी जाहीर केलं (जस्टिनचे वडील), १९८८ मध्ये त्याचा कायदा झाला, पण या दोन्हींच्या मधे १९८२ मध्ये हक्कांची सनद घटनेत आली आणि खरी गंमत तिच्यात आहे. तिचं कलम २७ म्हणतं की सनदेचा अर्थ लावताना देशाचा बहुसांस्कृतिक वारसा जपला जाईल, वाढेल असाच लावा. आणि त्याला चिकटून लगेच कलम २८: सनदेत काहीही म्हटलेलं असो, हे हक्क बाईला आणि पुरुषाला सारखेच. हे २८ आपोआप नाही आलं बरं का, तिथल्या बायकांनी अक्षरशः भांडून घेतलंय.

आपले लोक २७ पाठ करून जातात. २८ कुणी वाचतच नाही.

पण मग ठरवतं कोण? शाळेत कृपाण चालतं म्हणे, हे कसं काय?

हो, चालतं, पण त्यामागची भानगड समजून घ्या. माँट्रियलमधला एक शीख मुलगा, गुरबाज सिंग मुल्तानी, २००१ मध्ये शाळेच्या आवारात त्याच्याकडून कृपाण खाली पडलं. शाळेचं म्हणणं, शस्त्र ते शस्त्र. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २००६ मध्ये कोर्ट म्हणालं की सरसकट बंदी घालणं चूक आहे, पण अटी पाळायच्या: कृपाण लाकडी म्यानात, म्यान कापडात शिवलेलं, ते कपड्यांच्या आत, सहज हाताला येणार नाही असं. कोर्टाने बघितलं ते एवढंच की श्रद्धा खरी आहे का, धोका खरा आहे का, आणि धोका टाळायला बंदीपेक्षा सौम्य उपाय आहे का. शाळेत कात्र्या असतात, बेसबॉलच्या बॅटी असतात, त्यांनीही मारामारी होऊ शकते, हाही मुद्दा तिथे निघाला होता.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं कारण ते सोसायटीचं आहे, आणि सोसायटी म्हटलं की पुणेकराला लगेच कळतं. माँट्रियलच्या एका महागड्या कॉन्डो इमारतीत काही ज्यू कुटुंबांनी सणाच्या नऊ दिवसांपुरत्या आपापल्या बाल्कनीत झोपड्या उभारल्या, सुक्का म्हणतात त्याला. मॅनेजमेंट म्हणे, नियमात बसत नाही, इमारतीचं दर्शनी रूप बिघडतं, सगळ्यांची मिळून बागेत एक मोठी उभारा. (आपल्याकडे बाल्कनीत कपडे वाळत घालण्यावरून जी नोटीस लागते तिचीच ही कॅनेडियन बहीण.) २००४ मध्ये पाचास चार अशा काठावरच्या बहुमताने ती कुटुंबं जिंकली. आणि कोर्टाने एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली, की त्या माणसाची श्रद्धा प्रामाणिक आहे का तेवढं आम्ही बघू, धर्मशास्त्रात ते सक्तीचं आहे की नाही हे धर्मगुरूंना विचारत बसणार नाही.

हे नीट लक्षात घ्या कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. तिथे हक्क मिळतो तो त्या एका माणसाला. समाजाच्या अध्यक्षाला नाही, मंडळाला नाही, घरातल्या कर्त्या पुरुषाला तर नाहीच नाही.

म्हणजे धर्माचं नाव घेतलं की जिंकलंच?

छे. आल्बर्टा प्रांतातल्या हटराइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना धार्मिक कारणाने फोटो काढायचा नव्हता, त्यांनी बिनफोटोचं ड्रायव्हिंग लायसन्स मागितलं, आणि २००९ मध्ये ते सुप्रीम कोर्टात हरले, तेही चारास तीन. रेल्वेत काम करणारा एक शीख कामगार १९८५ मध्ये हरला, कारण त्या कामाला हेल्मेट लागतंच असं कोर्टाने मानलं. मोटरसायकलचं मात्र वेगळं, ब्रिटिश कोलंबियाने १९९९ मध्ये आणि ओंटारिओने २०१८ मध्ये पगडीवाल्या शिखांना हेल्मेटमधून सूट दिली. पुण्यात हेल्मेटला विरोध करायला कुठलाच धर्म लागत नाही हा भाग वेगळा.

मुलाला एक चापट मारली तर पोलीस खरंच येतात का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि विचारताना आवाज हळू होतो.

देशोदेशी वेगवेगळं आहे. स्वीडनने १९७९ मध्येच पालकांच्या मारण्यावर पूर्ण बंदी घातली, नॉर्वेत १९८७ पासून आहे. कॅनडात फौजदारी कायद्याच्या कलम ४३ मध्ये पालकांना अगदी थोडी सूट ठेवलेली होती, ती २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अजून आवळली: मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर नाही, बारा वर्षांच्या पुढचं असेल तर नाही, पट्टी-लाटणं-चप्पल अशी कुठलीही वस्तू नाही, डोक्यावर-तोंडावर नाही, रागाच्या भरात किंवा अपमान करायला नाही. म्हणजे आपल्याकडे जिला ‘एक ठेवून दिली’ म्हणतात ना, कानाखाली, ती तर यात कुठेच बसत नाही. आणि मुलाने शाळेत सहज सांगितलं की बाबांनी मारलं आणि शिक्षिकेला संशय आला, तर बालसंरक्षण खात्याला कळवणं तिच्यावर बंधनकारक आहे, ती चहाडी करत नाहीये, नाही कळवलं तर दंड तिलाच होईल.

आमच्यातल्या एका काकू मुलाकडे सहा महिने राहून आल्या, नातू जेवत नव्हता म्हणून त्यांनी सवयीने हात उगारला. नुसता उगारला हो, मारला नाही. तर पाच वर्षांचं ते पोर शांतपणे म्हणालं, “आजी, वी डोन्ट हिट.” काकूंना इतकं लागलं की दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. परत आल्यावर संघात हे सांगताना म्हणाल्या, माझ्या सासऱ्यांना त्याच्या बापाने असं म्हणायला हवं होतं, फार बरं झालं असतं.

आता दुसरी बाजू. २०११ मध्ये नॉर्वेतल्या स्टाव्हँगरमध्ये एका बंगाली जोडप्याची दोन्ही मुलं सरकारी खात्याने काढून घेतली. आईवडिलांचं म्हणणं होतं की हाताने भरवणं, मुलांना जवळ घेऊन झोपणं या गोष्टीसुद्धा त्यांच्या विरोधात मोजल्या गेल्या. खात्याने म्हटलं की कारणं वेगळी आहेत, पण गोपनीय आहेत. शेवटी दोन्ही सरकारांच्या बोलण्यांनंतर २०१२ मध्ये मुलं भारतात काकांकडे आली आणि पुढे कलकत्त्याच्या कोर्टातून आईला मिळाली. तेव्हा मला विचाराल तर मारण्याबद्दल तिथला कायदा बरोबर आहे, त्यात ‘आमची पद्धत’ वगैरे काही नको. पण हाताने भरवणं म्हणजे मारणं नव्हे, आणि हा फरक ज्या अधिकाऱ्याला कळत नाही त्याच्या हातात एवढी सत्ता देणं धोक्याचं आहे. ही दोन्ही मतं एकदम बाळगता येतात, मी बाळगते.

आम्ही मुलीचं स्थळ बघून लग्न ठरवलं तर ते बेकायदा धरतील?

नाही हो. ठरवून केलेलं लग्न आणि जबरदस्तीचं लग्न यात तिथला कायदा नीट फरक करतो. कॅनडात २०१५ पासून मनाविरुद्ध लग्न लावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि सोळाच्या आत लग्न नाहीच. ऑस्ट्रेलियात जबरदस्तीचं लग्न २०१३ मध्ये गुन्हा ठरलं. कॅनडाच्या त्या २०१५ च्या कायद्याचं नाव मात्र ‘रानटी सांस्कृतिक प्रथा’ वगैरे असं ठेवलं होतं, निवडणुकीच्या वर्षात, त्यावर बरीच टीका झाली आणि ते नाव पुढे काढून टाकलं. कायद्यातली तरतूद चांगली आणि नाव शिवीसारखं, असं झालं की ज्या मुलीला मदत हवी असते तीच गप्प बसते, कारण तक्रार केली तर आपल्या सगळ्या लोकांना रानटी म्हणवून घेतल्यासारखं होतं.

हुंडा हा आपला खास माल. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २०१९ पासून हुंड्यासाठी छळ हे कौटुंबिक हिंसेचं उदाहरण म्हणून कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. मेलबर्नमध्ये! आपण काय काय एक्स्पोर्ट केलंय बघा.

मुसलमानांना तिकडे शरियत लावून दिली असं ऐकलं, खरं का?

हा फॉरवर्ड वर्षातून दोनदा येतोच. घडलं असं: ओंटारिओत १९९१ च्या लवाद कायद्याखाली घरगुती वाद धार्मिक लवादासमोर नेता यायचे, ज्यू आणि ख्रिश्चन लोक तो मार्ग वापरतही होते. २००३ च्या सुमाराला काही मुस्लिम मंडळींनी तसंच इस्लामी लवादमंडळ काढायचं जाहीर केलं आणि गदारोळ झाला. माजी ॲटर्नी जनरल मॅरियन बॉइड यांनी डिसेंबर २००४ मध्ये अहवाल दिला की संरक्षक अटी घालून चालू द्या. याला सगळ्यात कडवा विरोध केला तो मुस्लिम बायकांनीच, त्यात इराणहून आलेल्या होमा अर्जोमंद पुढे होत्या. त्यांचा मुद्दा साधा होता, की ‘स्वेच्छेने’ लवादाकडे गेली असं कागदावर येईल, पण नवऱ्यावर व्हिसा अवलंबून, इंग्रजी येत नाही, सगळा समाज बघतोय, तिची कसली आलीये स्वेच्छा? सप्टेंबर २००५ मध्ये प्रीमियर (म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री) डाल्टन मॅकगिन्टी यांनी सांगून टाकलं की कुठल्याच धर्माचा कौटुंबिक लवाद चालणार नाही, २००६ मध्ये कायदा बदलला. म्हणजे शरियत लागू झाली नाहीच, उलट ज्यूंचं आणि ख्रिश्चनांचंही बंद झालं.

जातीचा प्रश्न तिकडे कशाला नेता? तिथे कोण जात बघतं?

जे इथे बघतात तेच विमानात बसून तिकडे गेलेत. आडनाव विचारून झालं की ‘म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?’ हा प्रश्न टोरांटोतल्या गणपतीतही ऐकू येतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल हे जातिभेदावर कायद्याने बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर झालं, ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत, जन्म पुण्यातला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसंच विधेयक मंजूर केलं पण गव्हर्नर न्यूसम यांनी ते ऑक्टोबरमध्ये परत पाठवलं, आहेत तेच कायदे पुरेसे आहेत म्हणून. त्याच महिन्यात ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने जाहीर केलं की जातिभेद त्यांच्या मानवी हक्क कायद्यात येतोच. विरोध करणारे म्हणतात यामुळे सगळ्या हिंदूंकडे संशयाने बघतील. ही भीती मी खोटी म्हणणार नाही, परदेशात अल्पसंख्य म्हणून राहताना ती वाटते. पण एक विचारते, ज्याला ऑफिसात जात कळल्यावर डब्याला बोलवायचं बंद झालं तोही तिथे अल्पसंख्यच आहे ना, आणि अल्पसंख्यांतला अल्पसंख्य. त्याने कुणाकडे जायचं?

हे मानवाधिकार म्हणजे शेवटी गोऱ्यांचं खूळ. आपल्यावर कशाला लादतात?

हा प्रश्न पुण्यात बसून विचारताय म्हणून लांब उत्तर देते.

संयुक्त राष्ट्रांचा १० डिसेंबर १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा बनत असताना पहिल्या कलमात ‘ऑल मेन’ असं होतं. ते ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ करायला लावलं भारताच्या हंसाबेन मेहतांनी. तेव्हा लादलं कुणी कुणावर?

आणि आपल्या गावचं बघा. १८४८ मध्ये भिडेवाड्यात जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तेव्हा शेण कुणी फेकलं? आपल्याच लोकांनी, संस्कृतीच्या नावाने. १८९१ चं संमतिवयाचं बिल घ्या. कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संबंधामुळे मेली आणि वय दहाचं बारा करायचा प्रस्ताव आला. रानडे, भांडारकर बाजूने; टिळक विरोधात, त्यांचं म्हणणं परक्या सरकारने कायद्याने आमच्या धर्मात हात घालू नये, सुधारणा आतून होऊ द्या. टिळकांचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता, परक्याच्या हेतूवर संशय घ्यायलाच हवा, आज परदेशात आपली पोरं तोच घेतात. अडचण एवढीच की ‘आतून’ सुधारणा होईपर्यंत थांबायचं कुणी? त्या दहा वर्षांच्या मुलींनी. आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पुढे १९७० मध्ये हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं तेही पुण्यातच. आणि अगदी अलीकडचं म्हणजे २०१८ मध्ये आपल्या पिंपरीत कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींनी लग्नाच्या रात्री चादर तपासायच्या प्रथेविरुद्ध मोहीम उघडली, त्यातल्या काहींना मार बसला. त्या पोरांना कुठल्या गोऱ्याने शिकवलं होतं? महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे तो याच जातपंचायतींमुळे. भांडण पूर्व-पश्चिमेचं असतं तर हे सगळं सदाशिव पेठेत आणि पिंपरीत झालंच नसतं.

युनेस्कोच्या २००१ च्या सांस्कृतिक विविधतेच्या जाहीरनाम्यातही चौथं कलम आहेच, की विविधतेचं नाव पुढे करून कुणाच्या मानवी हक्कांवर गदा आणता येणार नाही.

पण नियम सगळे आम्हालाच. गोऱ्यांच्या संस्कृतीचं काय?

आता बरोबर बोललात. बहुसंख्यांची संस्कृती ‘संस्कृती’ म्हणून दिसतच नाही, ती नॉर्मल म्हणून खपते. कॅनडात रविवारी दुकानं बंद ठेवायचा जुना कायदा होता, कॅल्गरीतल्या एका औषधाच्या दुकानाने तो मोडला, आणि १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला कारण एका धर्माचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र वार, सगळ्यांवर लादता येत नाही.

क्वेबेक प्रांताचं अजून मजेशीर. २०१९ च्या बिल २१ ने शिक्षक, पोलीस, सरकारी वकील अशांना कामावर धार्मिक चिन्हं घालायला बंदी केली: पगडी नाही, हिजाब नाही, ज्यूंची टोपी किप्पा नाही, क्रॉसही नाही. कोर्टाने अडवू नये म्हणून सनदेतलंच कलम ३३ वापरलं, जे सरकारला काही हक्क तात्पुरते बाजूला ठेवू देतं. आणि त्यांच्या विधानसभेत १९३६ पासून क्रूस टांगलेला होता! तो बरेच दिवस ‘वारसा’ होता, श्रद्धा नव्हती म्हणे. शेवटी लाज वाटून जुलै २०१९ मध्ये उतरवला. माझ्या मते बिल २१ चूक आहे, पगडी घातलेली शिक्षिका गणित शिकवते तेव्हा कुणाचाही हक्क मारला जात नाही, मारला जातो तो तिचा.

सरकारच ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणून संस्कृती पुसायला लागलं तर?

कॅनडाने हेच केलंय, मूळ रहिवाशांवर. दीड लाखाच्या आसपास मुलं घरून उचलून निवासी शाळांत टाकली, भाषा बोलली तर शिक्षा, शेवटची शाळा बंद व्हायला १९९० चं दशक उजाडलं. तेव्हाही भाषा ‘मुलांच्या हिताची’च होती. म्हणून संस्कृतीचा हक्क हा काही सणासमारंभाचा लाड नाही.

आणि दोन्ही बाजू एकाच बाईत कशा येतात बघा. सँड्रा लव्हलेस, न्यू ब्रन्सविकमधल्या आदिवासी जमातीतली. बाहेरच्याशी लग्न केलं म्हणून कायद्याने तिचं आदिवासी असणंच गेलं. घटस्फोटानंतर स्वतःच्या वस्तीत परत राहायचा हक्क नाही. पुरुषाने गोरी बायको केली तर मात्र त्याचं काही जात नव्हतं, उलट बायकोलाही दर्जा मिळायचा. ती संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेली आणि १९८१ मध्ये समितीने कॅनडाला दोषी धरलं, ते तिला तिच्या संस्कृतीपासून तोडलं म्हणून! १९८५ मध्ये कायदा बदलला, २००५ मध्ये त्या सिनेटर झाल्या. माहेर तुटलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एखादी बाई स्वतःच म्हणाली की मला नकाब हवाय, तर?

इथे मी अजून पूर्ण ठरवलेलं नाही. झुनेरा इशाक या पाकिस्तानातून आलेल्या बाईने नागरिकत्वाची शपथ नकाब घालून घेण्यासाठी सरकारशी केस लढवली आणि जिंकली, ऑक्टोबर २०१५ मध्ये तशीच शपथ घेतली. ओळख पटवायला आधी एका स्त्री अधिकाऱ्यासमोर चेहरा दाखवायला तिची हरकत नव्हती, मग शपथेच्या वेळी अडवायचं कारण काय होतं हे मला कळत नाही. पण २०१२ च्या एका लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात फिर्यादी बाईला साक्ष नकाबात द्यायची होती आणि आरोपीचं म्हणणं, चेहरा बघितल्याशिवाय उलटतपासणी कशी करणार. सुप्रीम कोर्टाने सरसकट हो किंवा नाही म्हणायला नकार दिला, प्रत्येक केसमध्ये तोलून बघा म्हणाले. तिथे दोन्हीकडे खरे हक्क आहेत. नकाब मला स्वतःला आवडत नाही, पण मला आवडत नाही हे काही कायदेशीर कारण नव्हे.

दिवाळीला फटाके? अस्थिविसर्जन?

ब्रॅम्प्टनमध्ये २०२२ च्या शेवटी नागरिकांनी फटाके उडवण्यावर बंदी आली, सगळ्यांसाठी, कॅनडा डेलाही. त्यात अन्याय काही नाही, गपचूप फराळ करा. दहनाबद्दल इंग्लंडमध्ये देवेंदर घई नावाच्या गृहस्थांनी न्यूकॅसलच्या पालिकेशी भांडून २०१० मध्ये मिळवलं की वर उघडी जागा असलेल्या इमारतीत चिता चालेल. अस्थींचे नियम प्रांतागणिक वेगळे आहेत, फ्यूनरल होमवाले सांगतात.

नातवंडांशी मराठीतच बोललं तर शाळा काही म्हणते का?

काही म्हणत नाही, उलट ओंटारिओत पुरेशा पालकांनी मागणी केली तर शाळा बोर्ड मातृभाषेचे वर्ग चालवतं. शाळेची अडचण नाहीये, अडचण आपल्या मुलाची आहे जो फोनवर ‘आई, त्याला इंग्लिशमध्येच सांग ना’ म्हणतो. त्याला कायद्यात उपाय नाही, रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याच्याशी तुम्हीच काय ते बोला.